काळा दगड, सराय, मुसाफिर बंगला आणि ते 'सँडस्टोन हॉटेल': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरात लोकांना जुन्या इमारती दाखवत फिरतो. त्याआधीची बरीच वर्षं दगडी बांधकामांच्या डागडुजीत गेली. फिरायला येणारे बदलतात, प्रश्न मात्र तेच असतात. दरवेळी घसा कोरडा करण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून ठेवलेली बरी. प्रश्न लोक विचारतात त्याच क्रमाने घेतले आहेत.

ही जुनी हॉटेलची इमारत सँडस्टोनची आहे ना?

नाही. कुठल्याही जुन्या दगडी हॉटेलसमोर शंभरातले नव्वद जण हाच प्रश्न विचारतात, कारण इमारत लालसर किंवा पिवळसर दिसली की आपल्याला राजस्थान आठवतं. सँडस्टोन म्हणजे वालुकाश्म. नदीच्या किंवा समुद्राच्या तळाशी वाळूचे थर साचतात, दबतात, चिकटतात आणि त्याचा दगड होतो. मराठवाड्याच्या पायाखाली जो दगड आहे तो लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरले. अजिंठा, वेरूळ, देवगिरीचा कडा, आपल्या गल्लीतल्या जोत्याचा दगड, सगळं त्याच कुळातलं. आपण त्याला नुसतं काळा दगड म्हणतो.

मग लाल कशामुळे दिसतो? कारणं तीन. पहिलं म्हणजे काव, गेरूसारखी लाल माती. जुन्या सरकारी इमारतींना वर्षानुवर्षं चुन्यात काव कालवून हात मारलेला असतो. दगडावर नखाने खरवडलं की लाल भुकटी नखात येते आणि खाली काळा दगड दिसतो. दुसरं म्हणजे हवा. बेसाल्टमधलं लोखंड गंजतं आणि दगडाच्या अंगावर तपकिरी साल धरते. तिसरं कारण जास्त मजेचं आहे: काही ठिकाणी लाव्ह्याचा खडकच मुळात लालसर असतो. वेरूळचं घृष्णेश्वर मंदिर बघा. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. खालचं बांधकाम लाल दगडाचं आहे. त्याला लोक बिनदिक्कत 'रेड सँडस्टोन' म्हणतात. तो ज्वालामुखी खडकच आहे, फक्त लाल.

म्हणजे मराठवाड्यात वालुकाश्माची एकही इमारत नाही?

इथल्या खाणीतल्या वालुकाश्माने बांधलेली जुनी इमारत मी तरी दाखवू शकत नाही. नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोली-किनवटकडे, लाव्ह्याची चादर संपते आणि खालचा ग्रॅनाइट वर येतो. तिकडच्या जुन्या भिंती त्यामुळे वेगळ्या दिसतात. बाकी सगळीकडे काळ्या दगडाचं राज्य.

हायवेवरच्या नव्या हॉटेलांवर जो गुलाबी दगड दिसतो तो खराच वालुकाश्म आहे, राजस्थानातून ट्रकने आलेला. पण ती बोटभर जाडीची फरशी आहे, मागे काँक्रीट. पावसाळ्यात एखादी फरशी सुटून पडली की आतला करडा कोबा उघडा पडतो. मला त्या फरशीशी भांडण नाही. भांडण आहे ते चांगल्या काळ्या दगडाच्या भिंतीवर ती चिकटवण्याशी. एका जुन्या लॉजच्या मालकाने दर्शनी भिंतीला असा गुलाबी मुलामा दिला आणि मला कौतुकाने विचारलं, "आता कसं हेरिटेज वाटतंय की नाही?" मी चहा घेतला आणि निघालो.

दगड बाहेरून आणायची हौस नवी नाहीच. बीबी का मकबऱ्यासाठी संगमरवर उत्तरेकडून गाड्यांवर लादून आणला. पण मुख्य वास्तूच्या भिंतीचा खालचा पट्टा आणि घुमट एवढ्यापुरताच तो वापरला. मधला भाग आपल्या दगडाचा, त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा. तो गिलावा इतका गुळगुळीत की दुरून संगमरवरच वाटतो. उन्हात जवळ उभं राहून दोन्हीवर हात ठेवा, फरक कळेल.

हातात दगड घेऊन ओळखायचा कसा?

नख लावून बघा. वालुकाश्माचे कण बोटाला लागतात, भिंतीला पाठ टेकली तर शर्टाला भुकटी येते. बेसाल्टची अशी भुकटी होत नाही. पाण्याचे चार थेंब टाकले तर वालुकाश्म ते पितो, घट्ट बेसाल्टवरून ते ओघळतात. वजनातही फरक आहे: एक घनफूट काळा दगड ऐंशी किलोच्या आसपास भरतो, तेवढाच वालुकाश्म पासष्टच्या आसपास. वालुकाश्मात पुष्कळदा थरांच्या रेषा दिसतात. बेसाल्टमध्ये त्याऐवजी बारीक भोकं आणि त्यात पांढऱ्या-हिरवट गारगोटीसारखे खडे बसलेले दिसतात. ती भोकं म्हणजे लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे, पुढे खनिजांनी भरलेले. वेरूळच्या लेण्यांत भिंतीवर असे ठिपके शोधायला पोरांना सांगतो. मग अर्धा तास ती शांत असतात.

खरंखुरं वालुकाश्माचं जुनं हॉटेल बघायचं असेल तर?

जोधपूरचा उमेद भवन पॅलेस बघा. १९२९ मध्ये काम सुरू झालं, १९४३ मध्ये संपलं. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून महाराजा उमेदसिंहांनी ते काढलं. आपल्याकडच्या रोजगार हमीच्या कामांची आठवण यावी असाच हेतू. आराखडा हेन्री लँचेस्टर या इंग्रज वास्तुविशारदाचा, खोल्या ३४७. दगड जोधपूरजवळच्याच चित्तर टेकडीचा, पिवळसर वालुकाश्म. मोठमोठे दगड एकमेकांत खाचा-खोबणीने अडकवून बसवले, मध्ये चुना-सिमेंट काही भरलेलं नाही. आज त्यातल्या एका भागात हॉटेल आहे, एका भागात संग्रहालय आणि उरलेल्या भागात राजघराणं राहतं.

तिथला कारागीर वालुकाश्मावर जाळी कोरतो कारण तो दगड छिन्नीला वश होतो. आपला पाथरवट बेसाल्टवर तेवढी नाजूक जाळी काढायला गेला तर टाकी बोथट होते आणि दिवस जातो. आपल्याकडच्या जुन्या मुक्कामाच्या इमारतींवर नक्षी कमी आहे आणि सांधे मात्र सुरेख आहेत, त्याचं निम्मं कारण दगडातच आहे. उरलेलं निम्मं पैशांत. कैलास लेणं खोदणाऱ्यांनी हाच दगड कोरला, हे विसरू नका.

हॉटेलं नव्हती तेव्हा प्रवासी उतरायचे कुठे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

मराठवाडा ही वाटेवरची भूमी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तेर आणखी दहा दिवसांवर असल्याची नोंद आहे. वीस दिवस म्हणजे वीस मुक्काम. एवढ्या माणसांना, बैलांना, गाठोड्यांना रोज रात्री कुठेतरी पाणी आणि आडोसा लागणारच. डोंगरातली लेणी पुष्कळदा जुन्या वाटांच्या आसपासच का सापडतात, त्याचाही याच्याशी संबंध आहे.

पुढे मुघल काळात उत्तरेकडून बुऱ्हाणपूर, मग अजिंठ्याचा घाट, मग औरंगाबाद अशी मोठी वाट होती. घाटाच्या पायथ्याला फर्दापूर, घाट चढून आल्यावर अजिंठा गाव. दोन्हीकडे सराया आहेत आणि त्या अशा जागी का, हे घाट पायी चढून बघितलं की नकाशाशिवाय समजतं. खाली दम धरायचा, वर आल्यावर दम टाकायचा. १८०३ मध्ये असईची लढाई झाली तेव्हा इंग्रज सेनापती वेलस्लीने जखमींचं इस्पितळ अजिंठा गावातच ठेवलं होतं, कारण भिंतीआडचं गाव जवळपास तेच. आणि १८४४ पासून लेण्यांतली चित्रं उतरवणारा रॉबर्ट गिल याच गावातल्या बारादरीत, म्हणजे बारा दारांच्या मोकळ्या महालात, राहिला. अजिंठ्याला जाताना बस या गावात थांबत नाही तोवर कुणी खिडकीबाहेर बघत नाही. उतरा एकदा.

सरायीखेरीज धर्मशाळा होत्या, मठ होते, दर्ग्याची आवारं होती, आणि गावच्या पाटलाची ढाळज होती. ढाळज म्हणजे वाड्याच्या दरवाजातून आत शिरल्यावर लागणारी बसायची-निजायची जागा. अनोळखी माणसाला ढाळजेपर्यंत मुभा, पुढे नाही. आजच्या हॉटेलच्या लॉबीचं काम तेव्हा हीच करत होती, फक्त बिल येत नसे.

सराय आतून कशी असते?

मोठा चौक, चारी बाजूंनी कमानींच्या खोल्यांची रांग, प्रत्येक खोलीपुढे छोटी ओसरी. एक किंवा दोन मोठे दरवाजे, एवढे उंच की अंबारी किंवा भरलेला उंट आत यावा. चौकात विहीर आणि बहुतेक ठिकाणी मशीद. दिवेलागणीनंतर दरवाजा बंद. सकाळी मालाची मोजदाद होऊन मगच उघडायचा. स्वयंपाकपाणी बघायला भटियारे असत.

खोलीला बाहेरच्या बाजूने खिडकी नसते. लोक विचारतात, एवढं कोंदट कशाला? चोर आणि ऊन, दोन्ही बाहेरूनच येतात म्हणून. हवा आणि उजेड चौकातून. आतल्या भिंतीत हातभर उंचीवर एक दिवळी, तिच्या वरच्या कडेला काजळीचा काळा कोन. तीनशे वर्षं कुणी ना कुणी तिथे पणती ठेवली, त्याचा तो डाग. मी लोकांना तिथे बोट लावू देत नाही. ओसरीच्या खांबाला किंवा भिंतीला लोखंडी कडी असते, जनावर बांधायची. कडीखालचा दगड दोराने घासून गुळगुळीत झालेला असतो.

पाण्याची गोष्ट बघायची असेल तर पाणचक्कीला जा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचं ते आवार, नावातच मुसाफिर. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, खापरी नळांतून कित्येक किलोमीटर आणलं आणि त्यावर जातं फिरवलं. दर्ग्यात येणाऱ्या-राहणाऱ्यांना पीठ मिळायचं. तिथला मोठा हौद ज्या दगडी खांबांवर उभा आहे, ते खांब खालच्या दालनाचे. म्हणजे हौदाचा तळ हेच दालनाचं छत. मे महिन्यात त्या दालनात जाऊन उभे राहा. एसीचा शोध कशाला लावला असं वाटेल, निदान पाच मिनिटं.

मुसाफिर बंगला, डाकबंगला, रेस्ट हाऊस यांत फरक काय?

काम एकच, काळ आणि नाव वेगळं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे उर्दूचा शब्द 'मुसाफिर बंगला' आपल्याकडे रुजला. इंग्रजी मुलखात तेच डाकबंगला. पुढे सगळ्यांवर 'शासकीय विश्रामगृह' अशी पाटी आली.

सरायीचं तोंड आत असतं, बंगल्याचं बाहेर. चारी बाजूंनी व्हरांडा, उंच छत, छताखाली दोरीने उघडायची झडपं, पुढे बाग. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे आली आणि बांधकामाचं सामानच बदललं. आतापर्यंत छताला सागवानी तुळया, वर कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या) आणि माती. आता लोखंडी गर्डर आले. दोन गर्डरांच्या मध्ये विटांची बुटकी कमान टाकायची, वर चुन्याचा कोबा. अशा छताखाली उभं राहून वर बघितलं की लाटा लाटा दिसतात. गर्डरच्या पोटावर कधीकधी कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. टॉर्च मारा, सापडेल. रेल्वेनेच शहाबादी फरशी घरोघरी पोचवली. शहाबाद गुलबर्ग्याकडचं, तेव्हा आपल्याच राज्यातलं, आणि ती फरशी चुनखडकाची. म्हणून तिच्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो. काळ्या दगडाला लिंबाचं काही वाटत नाही.

भिंती एवढ्या जाड का? आत खरंच गार असतं?

दिवसा, हो. दोन-अडीच फूट दगड तापायला सबंध दिवस जातो. दुपारी बाहेर बेचाळीस असताना आत बसवतं. पण हॉटेलवाले पुढचं सांगत नाहीत. तीच भिंत रात्री आत उष्णता सोडत बसते. मे महिन्यात वरच्या मजल्यावरची दगडी खोली रात्री अकराला भट्टीसारखी असते. जुन्या लोकांनी यावर उपाय काढला होता: दिवसा आत, रात्री गच्चीवर किंवा चौकात. संध्याकाळी गच्चीवर पाण्याचा सडा, मग सतरंजी. हेरिटेज हॉटेलात उन्हाळ्यात खोली घेणार असाल तर तळमजल्याची मागा आणि पश्चिमेची टाळा.

किल्लारीत दगडी घरांनीच माणसं मारली. मग या इमारतीत झोपणं सुरक्षित आहे का?

प्रश्न योग्य आहे आणि टाळायचा नाही. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावं झोपेतच गाडली गेली. नंतर बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली.

मारलं ते भिंतीच्या बांधणीने. अनघड दगडाच्या दोन पातळ भिंती, एक आतून एक बाहेरून, मध्ये कपच्या आणि माती. दोन्हींना बांधणारा आरपार दगड नाही. गवंडी त्याला सरळ 'थ्रू' म्हणतात. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून मातीचा आणखी एक थर, असं करत करत छतावर टनावारी ओझं. जमीन हलली, आतली भिंत आत आणि बाहेरची बाहेर फुटली आणि माती खाली आली. ज्या घरांत छताचं ओझं लाकडी खांब-तुळयांवर होतं त्यांत काही ठिकाणी भिंती पडल्या तरी छत खांबांवर उभं राहिलं.

म्हणून जुनी इमारत बघताना मी आधी कोपरा बघतो. कोपऱ्यातले दगड लांबट आणि एकाआड एक दोन्ही भिंतींत शिरलेले आहेत का? भिंत पोटात फुगलेली आहे का? ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला की लगेच कळतं. खिडकीच्या वरून तिरकी भेग गेली आहे का? घडीव दगड चुन्यात बांधलेली सराय आणि मातीत रचलेलं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण 'जुनं ते मजबूत' हे वाक्य मी कुणाला म्हणू देत नाही. थ्रू नसतील तर ते नंतरही घालता येतात: भिंतीत आरपार भोक पाडायचं, आकडा केलेला गज टाकायचा, काँक्रीट भरायचं. दोन फूट उंचीला एक ओळ, आडवं अंतर चार फुटांच्या आत. किल्लारीनंतर गावोगाव गवंड्यांना हे शिकवलं गेलं. छतावरची जास्तीची माती उतरवणं तर त्याहून स्वस्त. हॉटेलमालकाला विचारा, हे केलंय का. तो गोंधळला तर तळमजल्यावर, दाराजवळची खोली घ्या.

चुन्यात गूळ, बेलफळ घालायचे हे खरं की गाइडच्या थापा?

खरं आहे. प्रमाणाबद्दल मात्र प्रत्येक गवंड्याचं वेगळं शास्त्र. चुना भिजवून मुरवायचा, मग चुन्याच्या घाण्यात मळायचा. गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक, ओढायला बैल. जुन्या गढी-देवळांजवळ ते चाक अजून पडलेलं सापडतं आणि लोक त्याला भीमाचं जातं वगैरे म्हणतात. चुन्यात वाळू किंवा सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, आणि गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी. त्याने चुना चिकट होतो, सावकाश सुकतो, तडकत नाही. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात तर गांजाच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. ते ऐकून कॉलेजची पोरं अचानक इतिहासात रस घेतात.

माझ्याबरोबर काम करणारे एक म्हातारे गवंडी चुना कालवला की चिमूटभर जिभेला लावून थुंकायचे आणि सांगायचे, "आज नाही भाऊ, परवा." का ते मला कधीच समजलं नाही. परवाच काम सुरू व्हायचं.

सांध्यांत सिमेंट भरलं तर काय बिघडतं? मजबूतच होईल ना?

चुन्याच्या सांध्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटने तो रस्ता बंद केला की ओल आतच फिरते, वर चढते आणि बरोबर क्षार घेऊन येते. मग लोणा लागतो. पांढरी बुरशीसारखी साय, हात लावला की गिलाव्याचे पापुद्रे हातात. एका जुन्या दगडी लॉजचं काम मी स्वतः असं बिघडवलंय. तरुण होतो, मालकाला घाई होती, चुना मुरायला वेळ नव्हता. दर्शनी भिंतीच्या सगळ्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरून दिल्या, वर सुबक फुगीर पट्टी काढली. मालक खूश. तीन पावसाळ्यांनी आतल्या बाजूने कमरेएवढा लोणा चढला. मऊ पडलेले काही दगड सांध्याच्या कडेने फुटले आणि माझी पट्टी मात्र जशीच्या तशी, हाडांच्या सापळ्यासारखी उभी. ती काढताना छिन्नीने आणखी कडा गेल्या. त्या भिंतीसमोरून जाताना मी अजून पलीकडच्या फुटपाथने जातो.

पॉलिश, वार्निश, चमक आणणारे कोटिंग, मशीनने वाळू मारून दगड 'स्वच्छ' करणं यांचंही तेच. साधं पाणी आणि नारळाच्या काथ्याचा ब्रश पुरे.

दारावर वर्ष कोरलंय, पण हिशेब लागत नाही. इमारत एवढी जुनी कशी?

बहुतेक ते इसवी सन नाहीच. निजामाच्या राज्यात कारभार फसली सनाने, म्हणजे महसुलासाठीच्या पीकवर्षाने, चालायचा. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवा, इसवी सन मिळतं. वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने एखाद्या वर्षाचा फरक धरायचा. शकात ७८ मिळवायचे. हिजरी चांद्र वर्ष, तिथे नुसती बेरीज चालत नाही, तक्ता बघावा लागतो. म्हणजे एकाच १९०० सालच्या इमारतीवर फसली १३१०, शके १८२२ किंवा हिजरी १३१८ यातलं काहीही असू शकतं. कोरणारा कोण होता त्यावर ठरायचं. १३१० बघून 'यादवकालीन हॉटेल' अशी पाटी लावलेली मी पाहिली आहे.

फारसी लेख असेल तर आकडा नसूनही वर्ष असतं. प्रत्येक अक्षराला किंमत असते, शेवटच्या ओळीतल्या अक्षरांची बेरीज केली की साल निघतं. हे काम जाणकाराकडून करून घ्या.

आमच्या इमारतीचे कागद कुठे मिळतील?

शहरात असाल तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक. गावात खासरा पत्रक, पहाणी पत्रक. इनामाची किंवा देवस्थान-दर्ग्याची जागा असेल तर मुंतखब, म्हणजे इनामाचा सरकारी दाखला, शोधा. जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असतात. मोडी वाचणारी तरुण मुलं आता मिळतात, उर्दूसाठी मोहल्ल्यातले एखादे निवृत्त शिक्षक गाठा, चहा-बिस्किटांवर आनंदाने वाचून देतात. घरातल्या लोखंडी पेटीचा तळ बघायला विसरू नका. पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राखाली हमखास काहीतरी असतं.

आमचा वाडा आहे. हॉटेल करायचंय. परवानगीचं काय?

जवळपास केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर परवानगीने. तुमचा वाडा या टापूत असेल तर डागडुजीलाही आधी परवानगी घ्या. बाकी पालिकेचे, अग्निशमनाचे नियम कुठल्याही हॉटेलासारखेच. माझा सल्ला विचाराल तर आधी संडासाच्या पाइपांचा विचार करा. दोन फुटी दगडी भिंतीत प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम बसवताना जितकी चांगली बांधकामं मोडली गेली तितकी पावसाने मोडली नसतील. चौकाच्या मागे नवा वेगळा भाग उभारा आणि पाइप तिकडून न्या.

इमारतीत भूत आहे का?

वटवाघळं आहेत.

ती भिंतीतली लोखंडी कडी विकत मिळेल का? घरी डेकोरेशनला हवी होती.

हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत फार वाढलाय. मिळणार नाही. कडीचा दांडा भिंतीत हातभर आत शिसं ओतून बसवलेला असतो. तो उपटायचा तर चार दगड निघतात, आणि ज्यांनी उपटल्या त्यांच्या भिंतीत आता कबुतरं राहतात. लोहाराकडे जा. फोटो दाखवलात तर तशीच करून देईल, आणि घासून जुनी दिसेल अशीही.